फोन येईपर्यंत बसायचं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. वारा पाला उडवत आणून एका कोपऱ्यात ठेवतो, तसे ते आपोआप जमतात. आमच्या येरवड्याच्या कट्ट्यावर गेल्या वर्षभरात जमले ते सगळे वादळांचे. आम्ही म्हातारे इथे आणि आमची पोरं नेमकी जिथे वादळं येतात तिथे!

आम्ही चौघं. शेखभाई शिंपी, वानखेडे अमरावतीकडचे, कारखान्यात होते, कुलकर्णी पोस्टातून निवृत्त, आणि मी. मी मंडप घालायचो. शाळा फारशी झाली नाही आणि बोलतो हळू. माझं एक वाक्य होईपर्यंत कुलकर्णींचा चहा संपतो, असं ते म्हणतात.

*

पहिलं वादळ शेखभाईंच्या मुलाच्या गावी आलं. तो जपानात हॉटेलात कामाला. फोन लागेना. उन्हं वर आली तसे शेखभाई म्हणाले, "तुम्ही लोक निघा. घरी वाट बघत असतील."

कुलकर्णींना मूलबाळ नाही, वहिनीही गेल्या. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "माझी कोणी वाट बघत नाही. बसा."

मग आम्हीही बसलो. दुपारी फोन आला. मुलगा सुखरूप होता. शेखभाई टपरीकडे हात करून एवढंच म्हणाले, "चहा सांगा."

तेव्हापासून रिवाज पडला. ज्याच्या पोराच्या गावी वादळ, त्याच्याजवळ सगळ्यांनी बसायचं. फोन येईपर्यंत उठायचं नाही. आला की म्हणायचं, "चहा सांगा."

*

वानखेड्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात. तिकडच्या वादळाला आम्ही इतका वेळ बसलो की वानखेडे वहिनी डबा घेऊन कट्ट्यावर आल्या. शेवटी मुलाने फोन उचलला. झोपला होता!

"आम्ही इथं बसून, अन् तू झोपला काय बे?"

"बाबा, वादळ तर कालच समुद्राकडे वळलं."

कुलकर्णी म्हणाले, "चहा सांगा. आणि त्याला म्हणावं, वळल्याचंही कळवत जा."

*

मग कुलकर्णींनी बुधवार पेठेतून जगाचा नकाशा आणला. कुठलं वादळ कुठे ते कळावं म्हणून कट्ट्यामागच्या पिंपळाला अडकवला. संध्याकाळी वावटळ आली आणि नकाशा उडून नाल्यात गेला.

शेखभाई म्हणाले, "अहो, एवढं जग आणलंत, जरा घट्ट बांधायचं."

*

माझी दीपा एकुलती एक. खराडीच्या कंपनीने तिला अमेरिकेत पाठवलं. तिकडे टोर्नेडो येतो. आभाळातून सोंड उतरावी तसा खाली येतो आणि घरं उचलतो. एका सकाळी तिचा मेसेज आला. सायरन वाजतोय, बाथरूममध्ये लपते. पुढे काही नाही.

आम्ही बसलो. शेखभाईंनी माझा हात धरला. कुलकर्णी एकही टोमणा मारेनात, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

बऱ्याच वेळाने फोन आला. सोंड बाजूच्या गावावरून गेली होती. ही टबमध्ये उशा घेऊन बसली होती, डोक्यावर कुकर.

"कुकर कशाला गं?"

"हेल्मेट नव्हतं, बाबा."

कुलकर्णींना कंठ फुटला. "शिट्टी काढून ठेवली होती ना, विचारा."

मी चहा सांगितला. पण एक गोष्ट मनातून जाईना. तिच्यासाठी इथे आम्ही चौघं बसलो, आणि ती तिथे एकटी.

"शेजारी कोण आहे?" मी विचारलं.

"एक म्हातारं जोडपं आहे. लांबून हात करतात."

"मग त्यांच्याकडे जाऊन बसावं."

"बाबा, इथे असं कोणी कोणाकडे जाऊन बसत नाही. तुमचं बरं आहे."

*

मग मे महिन्यात वादळ आमच्याकडेच आलं. पत्रे उडाले, आमच्या बोळात झाड आडवं झालं, वीज गेली, माझा मोबाईल बंद पडला. देवाच्या दयेने माणसं सगळी शाबूत. सकाळी शेखभाईंच्या दुकानात वीज आली. आम्ही चौघंही तिथे जमलो. मोबाईल जरा चार्ज झाल्यावर दीपाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिकडे रात्रीची जेवणं व्हायची वेळ.

"बाबा, कुठे होतात? आपल्या बोळाचा व्हिडिओ पाहिला मी."

मागे कोणीतरी खोकलं. मी विचारलं, "घरी कोण आलंय गं?"

"शेजारचे दोघं. तुमचा फोन लागेना म्हणून मी दारात रडत उभी होते. त्यांनी विचारलं, तेव्हा कट्ट्याचं सगळं सांगितलं. सकाळपासून बसलेत इथे. जा म्हटलं तरी उठत नाहीत."

मी म्हणालो, "मी बरा आहे. त्यांना सांग."

तिने इंग्रजीत सांगितलं. मग एका म्हातारीचा कापरा आवाज आला, एकेक अक्षर सांभाळून ठेवल्यासारखा.

"च-हा सां-गा."

कुलकर्णींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दुकानाबाहेर डोकं काढून टपरीवाल्याला म्हणाले, "सात."