पारवा कंपनीची हरणाबाई

लोहाऱ्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या मथुराबाईंना तबकड्यांचं वेड लागलं ते मुनवर भंगारवाल्यामुळं. गिरणीची जळालेली मोटर न्यायला तो आला होता. त्याच्या गाडीवर एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि बशीएवढ्या चार-पाच तबकड्या होत्या. भाभी, मोटरीच्या बदल्यात हे ठेवा, म्हणाला. बाईंनी हसत हसत ठेवून घेतलं. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत एका तबकडीवर सुई टेकवली आणि पहिल्याच कडव्याला त्या उठून उभ्या राहिल्या. बसून ऐकायचं ते गाणंच नव्हतं.

तबकडीच्या मधल्या पिवळ्या कागदावर पारव्याचं चित्र होतं. विचारपूस केल्यावर कळलं, की पन्नास वर्षांपूर्वी मुरूमला गुंडप्पा नावाचा एक कापडवाला होता. दुकानाच्या माडीवर भिंतींना गोधड्या टांगून तो आसपासच्या गाणाऱ्यांना बसवून गाणी टेप करायचा, तबकड्या मुंबईहून करून आणायचा आणि आठवडी बाजारात लुगड्यांच्या शेजारी मांडायचा. थोड्याच वर्षांत कंपनी बसली. ही गाणी ना कधी रेडिओवर लागली, ना कुणाच्या मोबाईलमध्ये सापडली. म्हणून तर बाईंना ती जास्तच आपली वाटू लागली.

मग दोघं नवराबायको त्या पारव्याच्या मागं लागले. बजरंगराव लोहारा-उमरगा रस्त्यावर जीप चालवायचे. जीपमध्ये बसेल त्याला ते पिवळ्या कागदाची तबकडी घरात आहे का विचारायचे. एक तबकडी लोणच्याच्या बरणीवर झाकण होऊन बसलेली मिळाली. एक ज्वारीच्या शेतात पाखरं हुसकायला टांगलेली होती. ईट गावात एका न्हाव्यानं तिचं घड्याळ केलं होतं. बाईंनी त्याला दुसरं घड्याळ नेऊन दिलं आणि काटे काढलेली तबकडी पदरात गुंडाळून आणली. प्रत्येक वेळी कोपरापर्यंत हात धुवून पीठ घालवायचं आणि मगच सुई टेकवायची. नवी तबकडी वाजली, की त्या दिवशी भाजीत हमखास मीठ जास्त पडायचं.

सगळ्यांत लाडकी होती ती हरणाबाई. तिच्या चारच तबकड्या होत्या, एकेकीवर एकच गाणं. ‘करडईच्या फुला, काटा तुला कशाला’ म्हणताना ‘कशाला’वर तिचा आवाज उचकी लागल्यासारखा अडायचा आणि पुढच्याच क्षणी उंच उडी मारायचा. त्या उचकीवर मथुराबाईंचा जीव जडला होता. ही बाई धिप्पाड असणार, हिरवं लुगडं नेसत असणार आणि कुणाच्या बापाला भीत नसणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बजरंगरावांच्या मते ती किडकिडीत होती. यावरून जेवताना भांडणं व्हायची. पण हरणाबाई होती कोण आणि गेली कुठं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर बजरंगरावांच्या जीपमध्ये परंड्याची एक बाई बसली. बहिणीकडं येऊन परत निघाली होती. खिडकीशी बसून ती गुणगुणू लागली आणि बजरंगरावांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. गाणं करडईचंच होतं, पण ती म्हणत होती ते कडवं तबकडीवर नव्हतंच. हे कुठं ऐकलं, त्यांनी विचारलं. आमचे मालक आंघोळ करताना म्हणतात, ती म्हणाली. तिचं नाव नीलव्वा. मालकांचं नाव कल्याणप्पा, परंड्यात बियाण्यांचं दुकान.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लागलं. मथुराबाई प्लेअर मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या आणि परंड्यापर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.

कल्याणप्पा साठी ओलांडलेले, झुपकेदार मिशांचे, घोगऱ्या आवाजाचे गृहस्थ निघाले. मथुराबाईंनी हरणाबाईंचा पत्ता विचारला. ते उगाच पोत्यांची तोंडं बांधू लागले. आतून नीलव्वांचं हसू ऐकू आलं.

“सांगा की आता,” त्या म्हणाल्या. “किती दिवस लपवून ठेवणार?”

“हरणाबाई म्हंजे म्याच,” कल्याणप्पा म्हणाले.

गुंडप्पानं अक्कलकोटकडची एक हरणाबाई ठरवली होती. तिच्या नावाचे कागदही छापून घेतले होते. ऐन दिवशी ती आलीच नाही. ढोलकीवाल्या मामाबरोबर कल्याणप्पा आले होते, बारा वर्षांचे. मामा म्हणाला, ह्यो पोरगा म्हणतोय. पोरानं म्हटलं, गाणं बाजारात खपलं, आणि गुंडप्पानं नाव तेच ठेवलं. पुढं एकदा गाता गाता मध्येच आवाज फुटला. गुंडप्पानं पोटभर जिलेबी खाऊ घातली आणि गावाला पाठवून दिलं. शाळेत पोरं चिडवतील म्हणून वडिलांनी हा विषय घरात बंद केला.

मथुराबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी म्हणून दाखवा म्हटलं. कल्याणप्पांनी घसा खाकरला. आवाज जाडाभरडा, पण ‘कशाला’वर आला आणि बरोबर तसाच अडला. बाई मटकन बियाण्याच्या पोत्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. हिरवं लुगडं नेसलेल्या त्यांच्या हरणाबाईला मिशा फुटल्या होत्या, आणि तरी ती हरणाबाईच होती. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, बजरंगरावही हसू लागले, आणि युरिया घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक कारण न कळताच हसू लागलं.

मग बाईंनी प्लेअर लावायला सांगितलं. कल्याणप्पा वायर हातात घेऊन थांबले. ते हळूच म्हणाले, “म्या हे कधी ऐकलंच न्हाय. आमच्या घरात मशिन न्हवतं.”

पन्नास वर्षांपूर्वीचा तो पोरगा दुकानात गाऊ लागला. कल्याणप्पा गल्ल्यावर बोटांनी ठेका धरायला गेले आणि बोटं तशीच राहिली. गाणं संपल्यावर पुन्हा लावा म्हणाले. परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी पोराच्या आवाजात आपला घोगरा आवाज मिसळला आणि तबकडीवर न मावलेलं कडवं शेवटी एकट्यानंच म्हटलं. नीलव्वांनी पदर खोचून टाळी धरली. समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप हातात घेऊनच रस्ता ओलांडून आली. “हरणाबाई, अजून एक होऊ द्या,” कुणीतरी म्हणालं, आणि कल्याणप्पांनी ऐटीत मान डोलावली.

जेवणं झाल्यावर ते सहज बोलून गेले, की पाचवं एक गाणं पण झालं होतं. त्याची तबकडी मामानं नळदुर्गला आपल्या सासुरवाडीला दिली होती. माणसं अजून तिथंच आहेत.

मथुराबाईंनी बजरंगरावांकडं बघितलं. बजरंगरावांच्या हातात चहा होता. तो त्यांनी बशीत ओतून एका घोटात संपवला आणि किल्ली काढली. कल्याणप्पांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, नीलव्वा पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, आणि जीप नळदुर्गच्या रस्त्याला लागली तेव्हा आतली चौघंही गात होती, चौघं चार सुरांत.