जिवंत पोचवलेला मासा

तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी सापडलेले ते प्रेत मी अजून विसरलेलो नाही. मृत इसम गावातलाच मच्छीमार. पर्यटकांना बुडी मारायला शिकवायचा. आकस्मिक मृत्यूची नोंद घेऊन पंचनामा केला. अंगावर जखम नव्हती. दारू पिऊन बुडाला, असे गावाने दुपारपर्यंत ठरवूनही टाकले.

त्याची बायको ठाण्यात आली. "सायबानू, माझो घोव दारू पियत नव्हतो. तो कशान मेलो, ता कागदार येऊंदे. चेडवाक, माझ्या पोरीक, उद्या कोणी काय बोलाक नको."

तपासणीत दारू निघाली नाही. रक्तात इंजिनाच्या धुराचा विषारी वायू निघाला. समुद्रात गेलेल्या माणसाच्या अंगात धूर कुठून आला, हे कळेना.

खबर मासळी बाजारातून आली. मृताचा चुलतभाऊ त्याच सकाळी मोटरसायकलवर समुद्राच्या पाण्याचा कॅन नेताना एका विक्रेतीने पाहिला होता. "खावचो मासो बर्फात घालतत, सायबानू. ह्येच्या कॅनात पंप बुडबुडत होतो. असलो मासो कोण खाता, तुमीच सांगा!"

चुलतभावाला बोलावले. माणूस गुन्ह्याबद्दल खोटे बोलतो, पण आपल्या कामाबद्दल सहसा खरे सांगतो. म्हणून मी मृत्यूचा विषय काढलाच नाही. मासा कसा धरतात, एवढेच विचारले.

तो सांगत गेला. होडीवरच्या कॉम्प्रेसरची हवा नळीने खाली जाते. खडकातला मासा भरकन वर आणला तर फुगून मरतो, म्हणून त्याला घेऊन मध्येच थांबावे लागते. त्या पहाटे वारा फिरला आणि इंजिनाचा धूर नळीतल्या हवेत मिसळू लागला.

"मी दोरी ओढलंय, वर ये म्हणान. तेना खालसून परत ओढल्यान. थांब म्हणता. मगे ओढलंय तर माशाची पिशवी तेवढी वर इली, तो हातसून सुटलो."

"मग तू मासा का पोचवलास?"

"तेच्या जिवार इलेलो मासो, सायबानू. मारून टाकू कसो?"

मासा मालवणातल्या एका बंगल्यात, दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत होता. निळ्या अंगावर पिवळ्या रेघा. मालक म्हणाले, "आधी आणलेला फुगून मेला होता. मी फक्त सावकाश आणा म्हणालो होतो."

हलगर्जीपणाचा गुन्हा चुलतभावावर दाखल झाला. मालकांवर ते कलम लागू होईना. सागरी अभयारण्यातला मासा बाळगल्याबद्दल वनविभागाने स्वतंत्र कारवाई केली. ठाण्यात खाऱ्या पाण्याची सोय नसल्याने जप्त मासा सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायला, मालकांच्याच टाकीत ठेवावा लागला.

मृताच्या बायकोला तपासाचा सगळा अहवाल वाचून दाखवला. दारूचा उल्लेख नाही, हे तिने दोनदा विचारून घेतले. मग म्हणाली, "मासो जितो आसा?"

"आहे."

"तेना थांबान जगवल्यान तर." एवढे बोलून ती उठली.

खरे कळले की घरच्यांचे मन शांत होते, असे मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या दिवशी तिला हवे ते खरे मी दिले. ती ते घेऊन गेली, आणि ठाण्याच्या पायऱ्यांवर बसून प्रथमच रडली.