माझ्या नावाने गेलेलं उत्तर

मंडळी, आज सकाळी घडलं ते लिहितेय.

कळंबला समुद्रकिनाऱ्याजवळ आम्ही घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. त्यासाठीच्या ऑनलाइन पेजचं काम एका प्रमोशन सर्व्हिसकडे आहे. गेल्या आठवड्यात त्यांचं नवीन फीचर आलं. मेसेजला आपोआप उत्तर, तेही आपल्याच भाषेत. मी खुशीने चालू केलं.

आज सकाळी नाशिकहून एक जोडपं आणि त्यांची छोटी मुलगी आली. मी त्यांच्यासाठी चहा टाकत होते, तेवढ्यात शेजारच्या मावशी धावत आल्या. "तुझे पाहुणे पान्यात गेलेत. ओहोटी लागलीय, बोलाव त्यांना."

मी अनवाणी पळाले. मुलीचे बाबा कमरेच्या वर पाण्यात, मुलगी खांद्यावर. वाऱ्यात माझ्या हाका पोचेनात. शेवटी मावशींच्या नवऱ्याने आत जाऊन दोघांना बाहेर आणलं. मुलगी थरथरत आईला बिलगली.

"इथे पोहू नका, हे सांगायचं राहिलं माझं," मी म्हटलं.

मुलीचे बाबा गोंधळले. "ताई, तुम्हीच तर लिहिलंत." त्यांनी मोबाईल पुढे केला. 'हो दादा, आमचा किनारा एकदम सेफ आहे. मुलांना बिनधास्त पाण्यात उतरवा.' खाली माझं नाव.

मी ते लिहिलेलं नाही.

फीचर बंद केलंय. पण तसंच उत्तर अजून काही जणांना गेलंय. सगळ्यांना फोन केले, एक कुटुंब फोन उचलत नाहीये.

तुम्हीही हे वापरत असाल, तर तुमच्या नावाने कोणाला काय सांगितलं जातंय, ते कधी वाचलंत का?