हिरवी रेघ
फळं अति पिकली की त्यांचा जो गोडसर वास येतो, तो आला की मला भुलीचं औषध आठवतं, आणि भाईंदर पश्चिमेचं ते छोटं नर्सिंग होम. पेशंटच्या उच्छ्वासातला वायू मोजणारं मशीन नव्वदच्या दशकात तिथे नवीनच आलं होतं. मी थिएटरमधली नर्स. रोज सकाळी त्याच्या बारीक नळीत फुंकर मारायची, पडद्यावरची हिरवी रेघ वर चढली की मशीन ठीक. सगळे हसायचे. एकदा डोंगरीच्या एका बाईला भूल देऊन डॉक्टरांनी तिच्या घशात श्वासाची नळी घातली, आणि रेघ आडवी पडली ती उठेचना. डॉक्टर म्हणाले, "मशीन खराब है, बंद करो." मी मशीनची बारीक नळी काढून त्या नळीत फुंकर मारली. रेघ सर्रकन वर चढली. "मशीन ठीक आहे, सर. तुमची नळी अन्ननलिकेत गेलीये." "सिस्टर, अब आप मुझे सिखाओगी?" "नंतर ओरडा. आधी ती काढा." बाईचे ओठ निळे पडू लागले होते. त्यांनी नळी काढून पुन्हा घातली, तेव्हा कुठे रेघ चढू-उतरू लागली. दुसऱ्या दिवशी मला उद्धट ठरवून वॉर्डात पाठवलं. तिथे ती बाई उठून बसली होती, पेज पीत. आता मी निवृत्त आहे. उद्धट अजून आहे.