आईच्या मशीनवरची कुंची

आई गेल्यावर तिची पायमशीन लोह्याहून लातूरला माझ्या घरी आली तेव्हापासून नांदेडच्या अक्काचा तिच्यावर डोळा होता. तिचं म्हणणं रास्तच होतं. आईनं शिवणकाम शिकवलं अक्काला आणि मशीन आली माझ्याकडे, कारण टेम्पो मी बोलावला. मी निवृत्त शाळामास्तर. रोज सकाळी मशीन फडक्यानं पुसायची, एवढंच माझं काम. उशीचे दोन अभ्रेही शिवले, पण त्यातल्या एकात उशी जात नाही.

मागच्या हिवाळ्यात अक्काला नात झाली. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन.

"बारशाची कुंची तू शिवायची, आईच्या मशीनवर. जमली तर मशीन तुझी. न्हाई जमली तर मुकाट टेम्पोत घालून पाठवायची."

"त्यात काय लई!" मी म्हणालो. स्वयंपाकघरातून बायको हसली. फोन ठेवून मशीनपाशी गेलो. मशीन गेली असती तर आई दुसऱ्यांदा गेली असती.

बाजारातून खण आणला, बसलो, पाय दिला. चाक जागचं हलेना.

चौकातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मशीनच्या तेलाच्या भोकात काडी घातली, बाहेर काढून हुंगली आणि विचारलं, "गुरुजी, तेल कोणतं सोडलं?"

मी खरं सांगून टाकलं. खंडेनवमीला आई मशीनला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायची आणि त्या दिवशी सुईला सुट्टी द्यायची. मीही सगळं तसंच केलं. वर भक्तीच्या भरात समईसाठी आणलेलं घाण्याचं करडीचं तेल मशीनच्या प्रत्येक भोकात सोडलं. देवाला चालतं ते आईच्या मशीनला का नाही?

"मशीनला फोडणी देऊन राहिले होते काय?" मिस्त्री म्हणाला. तेल आत घट्ट चिकटून बसलं होतं. त्यानं दोन तास रॉकेलनं सगळं धुतलं, तेव्हा कुठे चाक फिरलं. बायकोनं त्याला दोनदा चहा दिला आणि दोन्ही वेळा त्याच्याबरोबर हसून घेतलं.

पुढचे चार दिवस मी आणि मशीन. पाय चुकला की चाक उलटं फिरे आणि दोरा तुटे. मी मशीनवर ओरडायचो, मग तिचीच माफी मागायचो. झालर तीनदा उसवली.

बारशाला नांदेडला गेलो. अक्कानं कुंची उलटी केली आणि नखानं टीप तपासली, अगदी आई तपासायची तशी. साठी उलटलेला मी हात बांधून उभा.

"झालर वाकडी हाय."

"हाव."

"पण टीप पक्की हाय. ऱ्हाऊ दे मशीन तुझ्याकडं."

मी एवढ्या मोठ्यानं "वा!" म्हणालो की पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली.

पंगत बसल्यावर अक्कानं मला आतल्या खोलीत नेलं. कपाटातून एक गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. आत झंपराचे कापलेले तुकडे होते. कडेनं आईनं खडूनं मारलेल्या रेघा.

"जायच्या आधी माझ्यासाठी बेतलं होतं तिनं. शिवायचं राहून गेलं. टेलरकडं द्यायला जीव झाला न्हाई. त्याच्यासाठीच मागत होते मशीन."

मला माझीच लाज वाटली. "मग ने की मशीन. उद्याच पाठवतो. तूच शिव."

"न्हाई, आता कळतंय, मी शिवायला बसले की रडतच बसंन. तुझी टीप पक्की हाय, तू शिव. वाकडं आलं तरी घालीन."

आतापर्यंत एक बाही झाली आहे. हात फिरला की खडूची रेघ पुसली जाते, म्हणून मी फार हळू पाय मारतो.