टेबलावर घेतलेलं नाव

मोताळ्यातल्या आमच्या भजनी मंडळात मी खणखणीत गायचे आणि गाणं संपल्यावर "चहा घ्या" म्हणायला गेले, की आतून कोणी गळा आवळल्यासारखा शब्द तुटायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवात उखाणा घ्यायची वेळ आली की मी नुसती हसून मान हलवायचे. मोठ्या जाऊबाईंनी एकदा सगळ्यांसमोर निकाल लावून टाकला, "गाता येते, अन् नवऱ्याचं नाव घेता येत नाही? लय तोरा आला व तुले."

तोरा माझ्यात आहेच, नाकारत नाही. पण तेव्हा मला घरी पाणीसुद्धा चाल लावून मागावं लागायचं आणि शाळेत पहिलीच्या वर्गासमोर शिकवायला उभं राहायची धास्ती वाटायची.

शेवटी शहरातल्या घशाच्या डॉक्टरांनी उलगडा केला. बोलताना मेंदूच चुकीची आज्ञा देतो आणि स्वरतंतू एकमेकांना घट्ट आवळतात. गाताना काही जणांची ही पकड सैल होते. इंजेक्शन घेता येईल, पण त्याचा असर काही महिन्यांत ओसरतो. तंतू आवळणारी नस कापून तिथे दुसरी जोडता येते, त्यात पूर्ण भूल आणि नंतर बरेच दिवस आवाजात नुसती हवा. किंवा कंठातलं मऊ हाड मधोमध उघडून, धातूच्या बारीक पट्टीने तंतूंमध्ये जराशी फट ठेवायची. त्या वेळी पेशंट जागा राहून बोलत असतो आणि फट किती हवी ते त्याच्या आवाजावरून ठरतं. गाणं मात्र पूर्वीसारखं राहीलच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

माझ्या गाण्यापायी आमचे हे इंजेक्शनवरच अडून बसले होते. मी फटीचं ऑपरेशन निवडलं. माझ्या गळ्याचं काम चालू असताना मला तिथे हजर राहायचं होतं.

टेबलावर गळा बधिर, डोळ्यांवर दिवा. डॉक्टर म्हणाले, आकडे म्हणा. आकडे तुटले. त्यांनी आत काहीतरी सरकवलं आणि पुन्हा बोलायला सांगितलं. मला आकड्यांचा कंटाळा आला होता. म्हटलं, इतक्या वर्षांचा तुंबलेला उखाणाच घेऊ.

"पांढरं पांढरं कपाशीचं बोंड," आणि मग यांचं अख्खं नाव, "यांचं नाव घेताना आता कोन धरते माह्यं तोंड."

एक अक्षर तुटलं नाही. सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, हलू नका, पट्टी इथेच बसवतो. मला रडू येत होतं, पण हलायची बंदी होती.

यंदाच्या संक्रांतीला तोच उखाणा मी भर बैठकीत घेतला. मग भजन म्हणायला लागले तर वरच्या सुरात आवाज पोचेना. जाऊबाई जवळ येऊन बसल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"तुह्यं गानं गेलं व," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या, बाई. मले गिलासभर पानी द्या."

चाल न लावता मागितलं. त्यांनी उठून आणून दिलं आणि मी ते ताठ मानेने प्याले.