मीच लिहिलेला त्याचा खुलासा

जालन्याजवळच्या एका बियाणे कंपनीत मी सत्तावीस वर्षं कामगार अधिकारी होतो. नोटिसा काढणं, चौकश्या लावणं, नव्या सुपरवायझरांना प्रशिक्षण देणं हे माझं काम. आमच्याकडे एक पद्धत पडली होती. कामगाराला कारणे दाखवा नोटीस मी लिहायचो, आणि ती हातात घेऊन तो खुलासा लिहून घ्यायला माझ्याकडेच यायचा, कारण कागदाची भाषा मला यायची. मीही लिहून द्यायचो. त्यात मला मोठेपणा वाटायचा. सगळ्या खुलाशांचा शेवट ठरलेला असे : माझ्याकडून चूक झाली, यापुढे असे होणार नाही, तरी माफी असावी. बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटायचं.

एकाचं मिटलं नाही. मिटणार नाही हे मला आधीच माहीत होतं. ते आज लिहितो आहे.

तो हसनाबादकडचा. बरीच वर्षं बियाण्याच्या चाळणीवर काम करत होता. हंगामाच्या तोंडावर, लग्नांच्या दिवसांत, पोत्यांना टॅग लावणारा माणूस आला नाही. ट्रक येऊन उभे. मी याला चाळणीवरून काढलं आणि शिलाई मशीनवर लावलं. पोत्याचं तोंड शिवताना त्यातच टॅग शिवायचा असतो. सोयाबीनच्या दोन जातींच्या थप्प्या शेजारीशेजारी होत्या, एक लवकर येणारी, एक उशिरा. टॅग दिसायला सारखे, फरक फक्त लॉट नंबरच्या शेवटच्या आकड्यात. थप्पीवरचा नंबर टॅगवरच्या नंबराशी ताडून बघायचा, हे त्याला कुणी सांगितलं नाही. काम बदललं की माणसाला आधी तासभर शिकवायचं आणि मग वहीत त्याची सही घ्यायची, हा नियम मीच केलेला.

तो म्हणालाही होता, "साहेब, हे काम मी कधी केलेलं न्हाई."

"अरे, पोत्याचं तोंड शिवायला काय कॉलेजात जायचंय का?" मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. तोही हसला.

वहीतली सही मी चार दिवसांनी घेतली, तारीख मागची घालून. तपासणी येणार होती. कशावर सही करतोय, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

दसऱ्याच्या सुमाराला तक्रारी आल्या. लवकर येईल म्हणून पेरलेलं सोयाबीन शेतात हिरवंगार उभं होतं. काढणी लांबली, लोकांचा हरभऱ्याचा पेरा हुकला. त्यातली बरीच पोती त्याच्याच गावात गेली होती. आमच्या कंपनीचं घ्या, असं त्यानंच लोकांना सांगितलं होतं.

मी नोटीस काढली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन तो माझ्यासमोर उभा.

"काय लिवायचं, साहेब?"

"तू काय म्हणतोस?"

"मला ते काम कुणी शिकवलंच न्हाई. तेवढं लिवा, बस."

"असं लिहिलं तर उलट उत्तर दिल्यासारखं दिसतं. माफी मागून टाक, विषय मिटेल."

"तुम्ही म्हणता तर बराबर असंल."

त्याच महिन्यात सुपरवायझरांच्या वर्गात मी शिकवलं होतं की लेखी कबुली हातात आली की चौकशी लावायची गरज उरत नाही. चौकशी लागली असती तर पहिला प्रश्न आला असता, याला शिकवलं कुणी? आणि वहीत शिकवणाऱ्याच्या रकान्यात सही माझी होती. मी त्याच्या नावानं कबुली लिहिली, त्यानं सही केली, आणि आठ दिवसांत त्याला कामावरून काढल्याचा आदेशही मीच टाइप करून घेतला.

पुढं मी याहून वाईट केलं. प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीआधी लोक पेंगायला लागले की मी हा किस्सा सांगायचो. 'एक गडी होता, त्याला दोन आकडे ताडता येईनात.' हमखास हशा यायचा.

निवृत्तीनंतरही मला कधीमधी व्याख्यानाला बोलावतात. गेल्या वर्षी हाच किस्सा सांगितल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. नवीनच लागलेली.

"सर, त्यांना ते काम शिकवलं होतं का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"होय," मी म्हणालो. "सही आहे त्याची."

तिनं मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर मी दोन पानी निवेदन तयार केलं आणि त्याच्या गावी गेलो. तो ओसरीवर बसला होता. पार थकलेला. मला बघून उठला नाही.

"या साहेब. पुन्हा सही पाहिजे का?"

मी निवेदन काढलं. त्यानं हात पुढं केला नाही. "मला कशाला दाखवता? मी होतोच की तिथं. पारावर चला. तिथं वाचा."

"माझी जीप जाईल," मी म्हणालो. खरंच तसं म्हणालो.

"जीपवाला भाचा हाय माझा. थांबतो त्यो."

पारावर पाचसहा जण होते. मी उभा राहून वाचू लागलो, 'सदर कर्मचाऱ्यास संबंधित कामाचे प्रशिक्षण...'

"ओ, पोथी काय वाचून राह्यले?" एक जण म्हणाला. "नीट सांगा की."

मी कागदाची घडी घातली. "सोयाबीनच्या टॅगची चूक झाली, तेव्हा ह्यांना ते काम शिकवलेलं नव्हतं. मीच तिथं उभं केलं. शिकवल्याची सही मी मागून घेतली. माफीचा कागदही मीच लिहिला. ह्यांना तसं लिहायचं नव्हतं."

नोकरीत असताना मी त्याला कायम अरेतुरे केलं होतं.

"मंग आम्ही ह्याला इतकी वर्षं टॅगवाला म्हणून राह्यलो, त्याचं काय?" तोच माणूस म्हणाला. कुणी हसलं नाही.

कडेला एक म्हातारा बसला होता, माझ्याच वयाचा. तो सावकाश म्हणाला, "ह्याच्या पोरीला आमच्या घरनं मागणी घातलेली. मी मोडली. ज्यानं गावाला बुडवलं त्याची पोर नगं, म्हनलो." मग तो उठला आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

मी माफीचं काहीतरी बोलू लागलो. ज्याच्यासाठी आलो होतो त्यानं हातानंच मला थांबवलं. तो त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडं बघत होता.

"ते बियाणं पेरलेली आणखी चार घरं हायेत, साहेब," तो म्हणाला. "ते लोक पारावर येत न्हाईत. त्यांच्या दारात जावं लागंल."

मी चपला घातल्या आणि त्याच्या मागं निघालो.